एका आउटने हुकलेली विन: स्टार्टरला काढलं का, विन दुसऱ्याला कशी, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा खाली का गेला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता राग दिसला, दुसऱ्यांदा प्रश्न दिसला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही मंगळवारी ऑफिसवाल्यांबरोबर बेसबॉलच्या मॅचला गेलात. तुमच्या टीमच्या नव्या पोराने स्टार्ट केली, म्हणजे पहिला पिचर म्हणून बॉल टाकायला तो आला, त्याने ४ पूर्णांक २ तृतीयांश इनिंग (एका इनिंगचे तीन आउट) टाकल्या, एकच रन दिला, ९१ पिचेस झाले. पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, टीम ४-१ ने पुढे, आणि मॅनेजर चालत आला आणि बॉल काढून घेतला. पुढच्या रिलीव्हरने, म्हणजे मागून आलेल्या पिचरने, एकच आउट घेऊन इनिंग संपवली. सहावी ज्याने टाकली त्याने दोन रन दिले, ४-३. सातवी-आठवी तिसऱ्याने टाकली, सहा बॅटर आले सहाही परत गेले. नववी क्लोझरने, म्हणजे मॅच संपवायला ठेवलेल्या पिचरने, टाकली. मॅच ४-३ जिंकलो. विन, म्हणजे जिंकलेली मॅच ज्या एका पिचरच्या नावावर लिहितात ती, मिळाली त्या सातवी-आठवीवाल्याला, सेव्ह, म्हणजे आघाडी राखून मॅच संपवल्याची नोंद, क्लोझरला, तुमच्या पोराला काहीच नाही, आणि बुधवारी सकाळी बातमी की त्याला ट्रिपल-ए ला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या लीगला, पाठवलं. तुमचं म्हणणं, हा सरळसरळ अन्याय आहे, आणि अधिकृत नोंदी ठेवणारा स्कोअरर नावाचा माणूस नक्की कुणाचा?

तर हे एक भांडण नाही, तीन आहेत. काढलं ते मॅनेजरने, विन दिली स्कोअररने, खाली पाठवलं ते जनरल मॅनेजरच्या ऑफिसने. तिघांची तीन वेगळी दुकानं आहेत आणि कुणीही दुसऱ्याला विचारून गल्ला उघडत नाही. तुम्हाला ते एकाच माणसाने केल्यासारखं वाटतंय कारण तिन्ही गोष्टी १८ तासांत एकाच पोराच्या बाबतीत झाल्या.

मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते ठरवता येईल. मी शिवाजी पार्कवर स्कोअरिंग करत वाढलो, कांगा लीगला पावसात वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसणारा. गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत शनिवार-रविवार बेसबॉल स्कोअर करतोय, मोठ्यांची हौशी लीग आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांची. मेजर लीगच्या प्रेस बॉक्समध्ये बसणारा मी नाही, पण आमची लीग त्यांचंच रूलबुक वापरते आणि कोच लोक त्यांच्याइतकेच चिडतात.

आधी काढण्याचं बघू. तुम्ही दिलेले आकडे घेऊन मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक गणित केलं. स्कोअरर लोक इनिंग संपली की हे करतातच, हिशेब जुळतोय का बघायला. बॅटिंगला आलेल्या प्रत्येक माणसाचं शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होतं, तो आउट होतो, रन काढतो नाहीतर बेसवर उभा राहतो. चौथं काही नाही. तुमच्या पोराने १४ आउट घेतले, १ रन दिला, ३ माणसं बेसवर उभी, आणि आधीच्या चार इनिंगच्या शेवटी कुणी बेसवर अडकलं नव्हतं असं धरू. बेरीज १८. म्हणजे तो बरोबर अठरा बॅटर्सना भेटला होता, नऊ जणांची यादी दोनदा पूर्ण. आता समोर येणार होता एकोणिसावा, म्हणजे त्यांचा पहिल्या नंबरचा बॅटर, आणि तो तिसऱ्यांदा येणार होता.

मॅनेजर बाहेर आला तो पिच काउंट बघून नाही, या एकोणिसाव्या माणसाला बघून आला. बॅटरने त्याच पिचरला एका मॅचमध्ये तिसऱ्यांदा बघितलं की तो जास्त मारतो, हे आता सगळ्या टीम्स धरून चालतात. कारणं दोन्ही बाजूंनी आहेत, पिचर दमलेला असतो आणि बॅटरने त्याचा स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, कुठून निघतो ते तोवर ओळखलेलं असतं. त्यात दोन आउट झाल्यावर बेसेस भरले म्हणजे त्या इनिंगमध्ये काहीतरी सुटत चाललं होतं. मी तिथे नव्हतो म्हणून तो खरंच दमला होता का हे छातीठोक सांगणार नाही. तुम्ही पुढच्या वेळी कॅचरकडे बघा. पिचर दमला की फास्टबॉल कॅचर मागतो त्यापेक्षा वर आणि पिचरच्या हाताच्या बाजूला सुटायला लागतो, ग्लव्ह दरवेळी त्याच दिशेला ओढला जातो. स्पीड गनवर आकडा अजून तोच दिसत असतो आणि लोक ओरडतात की अरे पोरगं मस्त टाकतंय, काढलं का.

पण हा निर्णय दरवेळी बरोबरच असतो असंही नाही हं. २०२० च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच आठवा. टँपा बे रेज डॉजर्सविरुद्ध १-० पुढे, रेजचा स्टार्टर ब्लेक स्नेलने ५ पूर्णांक १ तृतीयांश इनिंगमध्ये फक्त ७३ पिचेस टाकलेले, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), एकही वॉक (चार खराब बॉलवर फुकटचा बेस) नाही. ऑस्टिन बार्न्सने एक सिंगल, म्हणजे एका बेसची हिट, मारला, स्नेलने दिलेली दुसरीच हिट, आणि रेजचा मॅनेजर केविन कॅश बाहेर आला. का, तर पुढे मूकी बेट्स तिसऱ्यांदा येत होता. तिथेही स्नेल अठराच बॅटर्सना भेटला होता! आता गंमत बघा, बेट्स, सीगर आणि टर्नर हे डॉजर्सचे पहिले तिघे त्या रात्री स्नेलसमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. कॅशने रिलीव्हर निक अँडरसनला आणलं, बेट्सने त्याला डबल, म्हणजे दोन बेसची हिट, मारला, कॅचरला न सापडलेल्या वाइल्ड पिचवर बार्न्स घरी आला, सीगरच्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर, बेट्स घरी आला, आणि डॉजर्स ३-१ ने जिंकून चॅम्पियन झाले. माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकीचा होता, पण स्नेल भारी टाकत होता म्हणून नाही. अँडरसन त्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, मॅचमागून मॅच रन देत आला होता म्हणून चुकीचा. काढायचं की नाही हा अर्धाच प्रश्न असतो, आणायचं कुणाला हा उरलेला अर्धा. टीव्हीवर पहिल्या अर्ध्यावरच तासभर भांडण चालतं. तुमच्या मॅनेजरने ज्याला आणला त्याने तो आउट घेतला, म्हणजे दोन्ही अर्धे बरोबर आले.

त्याच मॅचचं स्कोअरकार्ड तुमच्या दुसऱ्या भांडणालाही उपयोगी आहे. बार्न्सचा तो बरोबरीचा रन कुणाच्या खात्यात गेला? स्नेलच्या. तो डगआउटमध्ये बसला होता, पण बार्न्सला बेसवर त्याने सोडलं होतं. आणि हार कुणाच्या नावावर? अँडरसनच्या, कारण डॉजर्सना पुढे नेणारा बेट्सचा रन त्याचा होता. आता हेच तुमच्या पोराला लावा. रिलीव्हर आला तेव्हा तिन्ही बेसवर तुमच्या पोराची माणसं. समजा त्याने पहिल्याच पिचवर तिन्ही बेस रिकामे करणारा डबल खाल्ला असता, तर ते तीन रन तुमच्या पोराच्या नावावर गेले असते. तो टॉवेलने मान पुसत बाकावर बसलेला, आणि त्याचा त्या मॅचचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला किती अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीविना आलेले) दिले तो आकडा, १.९३ वरून ७.७१ वर. एक पिचही न टाकता. तेव्हा त्या एका आउटबद्दल त्या रिलीव्हरला तुमच्या पोराने जेवण द्यायला हवं, आणि मला खात्री आहे दिलंही असेल, ही मुलं या बाबतीत चोख असतात.

या उसन्या रनर्सच्या हिशेबात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. माझा तिसरा की चौथा सीझन. पिचर बदलला की मी स्कोअरबुकात आधीच्या आणि पुढच्या बॅटरच्या चौकोनांमध्ये लाल पेन्सिलने जाड रेघ मारतो, म्हणजे रेघेच्या वरचे जुन्याचे, खालचे नव्याचे. त्या दिवशी स्टार्टर गेला तेव्हा पहिल्या बेसवर एक रनर. नव्या पिचरने ग्राउंडर काढला, शॉर्टस्टॉपने बॉल सेकंडला देऊन तो रनर फोर्स आउट केला, ६-४ (वहीतले फील्डर्सचे नंबर), पण बॅटर फर्स्टला पोचला. पुढच्याने होमरन मारला. दोन रन. मी दोन्ही नव्याच्या नावावर लिहिले, कारण दोघंही माझ्या लाल रेघेच्या खाली होते, सरळ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्या कोचचा फोन. त्याचं बरोबर होतं. नियम असा की जुन्या पिचरने किती माणसं मागे सोडली ती संख्या त्याच्या खात्यात राहते, ती विशिष्ट माणसं नाही. एक रनर सोडला होता, त्याच्या जागी दुसरा आला, तरी खातं जुन्याचंच. म्हणजे एक रन स्टार्टरचा, एक नव्याचा. मी पायजम्यातच किचनमध्ये उभा राहून खोडरबर शोधत होतो, बायको म्हणाली की शिवाजी पार्कला निदान फोन तरी नव्हते. तेव्हापासून मी लाल रेघेवर छोटा आकडा लिहितो, किती उसने. अजूनही लिहितो.

आता विन. स्टार्टरला विन हवी असेल तर त्याने निदान पाच पूर्ण इनिंग टाकायला हव्यात, टीम पुढे असताना जायला हवं आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. पावसाने वगैरे मॅच पाच इनिंगमध्ये संपली तर चार चालतात. एवढंच. यात स्कोअररला काडीचंही मत नाही. एकच आउट कमी असली तरी नाही म्हणजे नाही. कितीही वाटलं तरी मी ४ पूर्णांक २ तृतीयांशचे ५ करू शकत नाही.

मत येतं ते यानंतर. स्टार्टर अपात्र ठरला आणि आघाडी मात्र शेवटपर्यंत राहिली की विन अशा रिलीव्हरला द्यायची जो स्कोअररच्या मते सगळ्यात परिणामकारक होता. क्रम नाही, परिणाम. नवे स्कोअरर डोळे झाकून पहिल्या रिलीव्हरला देऊन टाकतात आणि रूलबुक बजावून सांगतं की असं गृहीत धरू नका. बघायचं काय तर कुणी किती रन दिले, किती माणसं बेसवर जाऊ दिली आणि मॅच तेव्हा कुठे होती. रूलबुकाला अपेक्षा अशी की विन मिळवणाऱ्याने निदान एक पूर्ण इनिंग टाकलेली असावी, नाहीतर अगदी निर्णायक आउट तरी घेतलेला असावा. दोघं सारखेच वाटले तरच आधी आलेल्याला झुकतं माप.

तुमच्या मॅचमध्ये उमेदवार दोन. सहावीवाला दोन रन देऊन बाद, क्लोझरला सेव्ह आहेच आणि त्याची एकच इनिंग. राहिले बेसेस भरलेले असताना एक आउट घेणारा आणि सातवी-आठवी साफ टाकणारा. मी खरंच बराच वेळ विचार केला. तो एक आउट निर्णायक होता यात वाद नाही, बरोबरीचा रन फर्स्टवर उभा आणि त्यांचा पहिल्या नंबरचा बॅटर समोर. पण तेव्हा आघाडी तीनची होती, चुकलं असतं तरी पुढे चार इनिंग बॅटिंग बाकी होती. सातवी-आठवीवाला आला तेव्हा आघाडी एकची, आणि त्याने सहाच्या सहा माघारी पाठवले. मीही त्यालाच दिली असती. पण आघाडी अजून तीनचीच असती तर मी पहिल्याला दिली असती, आणि माझ्या शेजारी बसणारा दुसरा स्कोअरर कदाचित आहे त्या मॅचमध्येही पहिल्यालाच देईल, आणि दोघंही रूलबुकच्या आतच असू. याला अन्याय म्हणता येत नाही, फार तर मतभेद म्हणा.

बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, त्या पहिल्या रिलीव्हरपुढे ‘एच’ दिसला असेल, तो होल्ड, आघाडी राखून बॉल पुढच्याकडे दिल्याची नोंद. तो सगळीकडे छापतात पण ऑफिशियल रूलबुकात तो नाहीच, सेव्ह मात्र आहे. सेव्ह हा आकडा शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन नावाच्या बातमीदाराने काढला आणि १९६९ साली तो अधिकृत झाला. आणि सेव्ह तरी काय मोठा न्यायाचा पुतळा आहे! २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सस रेंजर्सनी बाल्टिमोरला ३०-३ ने धुतलं, तीस, आणि वेस लिटलटनला त्यात सेव्ह मिळाला. नियमात एक कलम आहे की शेवटच्या तीन इनिंग टाकून मॅच संपवली तर आघाडी कितीही असो. तो आला तेव्हा १४-३ होतं. स्कोअररने हसत हसत का होईना, लिहिलंच असणार.

आमचे क्रिकेटवाले मित्र विचारतात की बोलरच्या नावावर मॅच कशी काय असू शकते. त्यांचं बरोबर आहे. शिवाजी पार्कवर कुणी सात विकेट काढल्या तर आम्ही सात विकेट लिहायचो, ‘विजयी बोलर’ असं खातंच नव्हतं. पण बाकी हिशेब बघाल तर दोन्हीकडे एकच विचार आहे. बाईज बोलरच्या नावावर लागत नाहीत कारण ती चूक कीपरची, तसंच फील्डरच्या एररमुळे आलेला रन पिचरच्या ईआरएत धरत नाहीत. एक्स्ट्रा इनिंगमध्ये आता सेकंड बेसवर फुकटचा रनर उभा करतात ना, त्याचा रनही पिचरचा अर्न्ड रन नाही. हे साम्य उगाच नाही. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर ज्याने रुळवला तो हेन्री चॅडविक मुळात इंग्लंडचा, आणि न्यूयॉर्ककडे क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. स्ट्राइकआउटला आपण ‘के’ लिहितो तो पण त्याचाच.

विन हा आकडा त्या जमान्याचा आहे जेव्हा पिचर सुरू करायचा तोच संपवायचा. तेव्हा विन पिचरची म्हणणं फार चूक नव्हतं. आता एका मॅचमध्ये पाच-पाच पिचर येतात आणि नियम तोच. त्यातून पळवाटाही निघतात. रेजनीच २०१८ मध्ये ‘ओपनर’ आणला, मे महिन्यात सर्जियो रोमो या रिलीव्हरला पहिली इनिंग टाकायला लावलं आणि मग खरा लांब टाकणारा रायन यारब्रो आला. पाच इनिंगची अट फक्त स्टार्टरला आहे, मागून येणाऱ्याला नाही. यारब्रोने त्या सीझनमध्ये फक्त ६ मॅचेस स्टार्ट केल्या आणि विन्स मिळाल्या १६! त्याच वर्षी जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता आणि त्याच्या विन्स १०, हारी ९. सीझनच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड मिळाला डीग्रॉमला. २०२५ ला पॉल स्कीन्सला मिळाला तो १०-१० वर, ईआरए १.९७. म्हणजे अवॉर्डला मत देणाऱ्यांनी या खात्याकडे बघणं कधीच सोडलंय, ऑफिसात ठरतं ते तर त्याच्याही आधीपासून. हा नियम बदला म्हणून दर हिवाळ्यात लेख येतात, मी त्या बाजूचा नाही. बदलला तर शंभरेक वर्षांच्या वह्यांची तुलना मोडते, आणि बदलून येणारं काहीतरी तितकंच तिरपागडं असेल.

व्याख्या मागून बदलल्या की काय होतं तेही बघा. १९५९ च्या २६ मेला पिट्सबर्गच्या हार्वे हॅडिक्सने मिलवॉकीविरुद्ध बारा इनिंग परफेक्ट टाकल्या, सलग ३६ आउट, आणि तेराव्यात मॅच १-० ने हरला. बरीच वर्षं परफेक्ट मॅचेसच्या यादीत त्याचं नाव होतं. १९९१ ला कमिटीने नो-हिटरची, म्हणजे एकही हिट न दिलेल्या मॅचची, व्याख्या घट्ट केली की निदान नऊ इनिंग आणि मॅच संपेपर्यंत हिट नको, आणि हॅडिक्स यादीतून गेला, त्याच्यासोबत पन्नासेक इतर. २०२१ ला मॅडिसन बमगार्नरने सात इनिंगच्या मॅचमध्ये एकही हिट दिली नाही, पूर्ण मॅच टाकली, तरी तो नो-हिटर नाही, कारण त्या वर्षी डबलहेडरच्या (एकाच दिवशीच्या दोन) मॅचेस सातच इनिंगच्या होत्या आणि व्याख्या नऊची. तुमच्या पोराला एक आउट कमी पडला, बमगार्नरला तर लीगनेच दोन इनिंग कमी दिल्या.

आता खाली पाठवण्याचं, ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय आणि जे सगळ्यात कमी व्यक्तिगत आहे. मेजर लीगचा ॲक्टिव्ह रोस्टर, म्हणजे मॅचला उपलब्ध खेळाडूंची यादी, २६ जणांचा, त्यात पिचर्स जास्तीत जास्त १३. मंगळवारी तुमच्या टीमने पाच पिचर वापरले. बुधवारी पुन्हा मॅच. स्टार्टर पुढचे चार दिवस तसाही टाकणार नाही, म्हणजे तेरापैकी एक जागा चार दिवस बाकावर बसून शेंगा खाणार. त्याच्या जागी ट्रिपल-ए चा ताजा हात आणायचा तर कुणाला तरी खाली जावं लागतं, आणि सहज जाऊ शकतो तोच ज्याच्याकडे ‘ऑप्शन’, म्हणजे क्लबला त्याला न गमावता खाली पाठवायची मुभा, शिल्लक आहे. सहावी टाकून दोन रन देणारा जुना माणूस? त्याचे ऑप्शन संपले असले तर त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकी २९ टीम्सपैकी कुणीही उचलून नेऊ शकतं. मेजर लीगमध्ये पाच वर्षं सर्व्हिस झालेला तर नाहीच म्हणू शकतो. म्हणून ज्याने चांगलं टाकलं तो जातो आणि ज्याने मार खाल्ला तो राहतो. ऐकायला उलटं वाटतं, पण एकत्र कुटुंबात बाजारात कुणाला पिटाळतात ते आठवा, जो सगळ्यात लहान आणि नाही म्हणू शकत नाही त्यालाच.

यात पोराचं नुकसान नाही असं मी म्हणणार नाही. पिचरला ऑप्शनवर पाठवलं की १५ दिवस तरी परत आणता येत नाही, वर कुणी जखमी झाला तरच आधी आणतात. सीझनमध्ये असे एकूण वीस किंवा जास्त दिवस खाली गेले तर ते त्याच्या सर्व्हिस टाइममध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांत, धरत नाहीत, आणि १७२ दिवसांचं एक वर्ष भरतं त्यावर पुढचा सगळा पगार अवलंबून. मेजर लीगचा किमान पगार २०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर होता, म्हणजे सीझनच्या एका दिवसाला अंदाजे चार हजार, खाली गेलं की त्यापेक्षा पुष्कळ कमी. ही नाराजी अगदी रास्त आहे. फक्त ती स्कोअररवर काढू नका, त्याचा या बसच्या तिकिटाशी संबंध नाही. क्लबने मुद्दाम सर्व्हिसचे दिवस वाचवले का, हा संशय काही पोरांच्या बाबतीत खरा असतो. तुमच्याबाबतीत ते परत कधी आणतात त्यावरून कळेल. सोळाव्या-सतराव्या दिवशी स्टार्ट दिली तर तो बुलपेनचा, म्हणजे ताज्या रिलीव्हर्सचा, प्रश्न होता. सप्टेंबरपर्यंत विसरले, तर मग माझ्याकडे या, दोघं मिळून शिव्या घालू.

शेवटी तुम्ही विचारलंय की स्कोअरर टीमचा पगारी असतो का आणि त्याचा निर्णय बदलायला लीगला लिहिता येईल का. तो टीमचा नसतो, लीग नेमते, प्रेस बॉक्समध्ये बसतो, अंपायरसारखा मैदानात दिसत नाही म्हणून लोकांना तो भूत वाटतो. त्याला स्वतःचा निर्णय २४ तासांत बदलता येतो, आणि बदलतातही, मी तर वर्षाला चार-पाच वेळा बदलतो, हिट की एरर यावर घरी जाऊन व्हिडिओ बघितला की. त्यानंतर दाद मागायची तर ७२ तासांत, आणि ती फक्त क्लबला किंवा खेळाडूला मागता येते, तुम्हा-आम्हाला नाही. तुमच्या पोराच्या बाबतीत तर मागण्यासारखं काही नव्हतंच, पाच इनिंगला मत लागत नाही. मागायची असती तर त्या पहिल्या रिलीव्हरने, ज्याने बेसेस भरलेले असताना आउट घेतला. पण मॅच मंगळवार रात्रीची, आज रविवार.